उडणारी चिनिता

१

"माझ्या पोरीशी कोण बोलतंय ते आधी सांगा. बसायचं नंतर बघू."

दोन्या फेफा दारातच उभ्या होत्या. हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले, डोक्याला बांधलेला रुमाल घसरून एका कानावर आलेला. कोपऱ्यावरच्या गाडीवर यानिकेकेच्या खुसखुशीत पुऱ्या तळणं अर्धवट टाकून ही बाई चढण चढून आली होती, म्हणजे गोष्ट साधी नव्हती.

नेरेइदा ब्रितो खुर्चीतून उठली. "धापा टाकताय. पाणी तरी घ्या."

"पाणी माझ्या घरी आहे. माझी पोर तुमच्या घरी असते, म्हणून आले."

हे खरंच होतं. पुएर्तो प्लाताच्या त्या चढावरच्या दुमजली घराला 'ला लुपा', म्हणजे भिंग, असं नाव होतं आणि काम नावासारखंच होतं. लहान मुलांसाठी निघणारे ऑनलाईन खेळ आणि पडद्यावरची मायावी गावं इथे तपासली जात. वस्तीतली मुलं येऊन खेळत आणि मोठी माणसं काचेच्या पलीकडे हात पाठीशी बांधून उभी राहत. शिकवायचं नाही, मदत करायची नाही, फक्त बघायचं. पोर कुठे हसतं, कुठे अडतं, खेळ बंद कर म्हटलं तर सुखानं उठतं की डोळे पुसत उठतं. नेरेइदा तिथली मुख्य होती. तिनं 'नाही' म्हटलेला खेळ प्रांतातल्या एकाही बालवाडीत जात नसे.

सध्या 'कारेय बेट' नावाच्या खेळाची तपासणी चालू होती. निळा समुद्र, शिंपल्यांची घरं, झाडं लावायची, माशांना खाऊ घालायचं, आणि बेटावर सगळ्यांची लाडकी म्हातारी कासवीण. बेटावर मुलांनी बोलायचं ते चित्रांची बटणं दाबून: भूक लागली, चल खेळू, मला राग आला. कासवीण बोलायची ती आधी भरून ठेवलेली ठरावीक वाक्यं. अनोळखी माणसाचा शब्दही मुलापर्यंत पोचणार नाही, अशी कंपनीची हमी होती. उद्या दुपारी नेरेइदानं आपलं मत द्यायचं होतं.

"काल पोरीला न्हाऊ घालत होते," दोन्या फेफा म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता. "साबण डोळ्यांत गेला म्हणून रडायची, ती हसत होती. म्हटलं, काय गं? तर म्हणते, 'आजी, कासवीण माझ्याशी बोलते. माझं नाव घेते. पण ते गुपित आहे, मोठ्यांना सांगायचं नाही.'"



युलेइसी पाच वर्षांची होती. आई कामासाठी परदेशी गेल्यापासून ती आजीखेरीज जगात कोणाशीही बोलत नव्हती. बालवाडीत नाही, देवळात नाही, ला लुपातही नाही. अशा मुलीशी कोणीतरी कासविणीच्या तोंडानं बोलत होतं. आणि लहान मुलांच्या खेळात 'मोठ्यांना सांगू नकोस' असं म्हणणारा माणूस बहुधा कोण असतो, हे नेरेइदाला तिच्या कामानं शिकवलं होतं.

२

दोन्या फेफांच्या घरी युलेइसी टेबलाखाली बसून रंगवत होती. नेरेइदा काही न विचारता जमिनीवर बसली, एक खडू उचलून आपल्यापुरतं झाड काढू लागली. मूल आपण होऊन जवळ येईल तेव्हा येईल. पण आज वाट बघणं जड जात होतं. पायाला मुंग्या आल्या, झाडाला पानं फार झाली, तरी तिचं लक्ष दाराकडे, रस्त्याकडे, पुन्हा पोरीच्या बोटांकडे.

युलेइसीनं एक गोल काढला, केशरी. त्याला दोन पंख काढले. मग काळा खडू घेऊन गोलावर ठिपके दिले, टक, टक, टक, अगदी मन लावून.

"हे काय, राणी?"

युलेइसी उठली, आजीच्या कानाला लागली.

"चिनिता म्हणते," आजी म्हणाल्या. "आता काय सांगायचं! संत्र्याला पंख?"

इथल्या डोमिनिकन माणसाला चिना म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते गोड संत्रं. चिनिता म्हणजे इवलंसं, लाडाचं संत्रं. त्यात चीनचा काही संबंध नाही आणि उडण्याचा तर नाहीच नाही.

पोर पुन्हा कानाला लागली. आजी ऐकत गेल्या, सांगत गेल्या. "कासवीण म्हणते, चिनिता उडत येते. बोटावर बसते. मग मनातलं मागायचं. ती ते घेऊन वर उडून जाते."

"तू काय मागितलंस?"

या वेळी पोरीनं कानात काय सांगितलं ते आजींनी सांगितलं नाही. त्यांनी तोंड फिरवलं आणि रुमालाचं टोक डोळ्याला लावलं. सांगायची गरजही नव्हती. भिंतीवर युलेइसीच्या आईचा फोटो होता.

"आणखी काय म्हणाली कासवीण?" नेरेइदानं हळूच विचारलं.

कुजबूज बराच वेळ चालली. दोन्या फेफांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी पोरीला दोन्ही हातांनी ओढून पोटाशी घेतलं.

"उद्या तिला खरी चिनिता देणार आहे म्हणे. हातात. अंगणात ये म्हणाली, एकटीच."

३

गुरुवारी नेरेइदा कॉफी घेत नसे. मुलगा तापातून उठला तेव्हा बोललेला नवस होता. एरवी तिला त्याचं काही वाटत नसे, आज मात्र कपाळ ठणकत होतं आणि कंपनीचे प्रतिनिधी रादामेस पिचार्दो तिच्यासमोर बसून मोठ्या चवीनं कॉफी पीत होते.

"प्रोफे, गैरसमज होतोय," ते म्हणाले. शाळेतल्या बाईंना म्हणावं तसं इथे सगळे तिला प्रोफे म्हणत. कुणाला नाही म्हणताना ते आणखी गोड हसत. "आमच्या कासविणीला तोंडच नाही. भरलेली वाक्यं आहेत, ती वाजतात. आता पोरं म्हटली की कल्पना लढवणारच. माझा धाकटा बादलीशी गप्पा मारतो. म्हणून बादली का तपासायची?"

"बादली त्याला नावानं हाक मारते का?"

"मारत असेल, त्याच्या लेखी!"

"जिवंत माणसाला कासविणीच्या आडून बोलण्याची सोय बेटावर आहे की नाही?"

"नाही. माझ्या आईची शपथ."

शपथ इतक्या झटकन आली की नेरेइदाला ती आवडली नाही. हाच माणूस आठवड्यापूर्वी तिच्याशी वाद घालत होता. मूल खेळ सोडून निघालं की कासवीण टिपं गाळून 'जाऊ नको ना' म्हणायची. नेरेइदानं ते काढायला लावलं. पाच वर्षांच्या जिवाच्या गळ्यात अपराध बांधून त्याला पडद्यापुढे बसवून ठेवायचं, याला ती खेळ म्हणत नसे. पिचार्दोंनी ते काढलं खरं, पण तेव्हापासून मुलं लवकर उठतात ही त्यांची रोजची रड होती.

"परवा मंगळवारी मुलं इथे शेवटची खेळली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"वर, पाहुण्यांच्या खोलीत. एकटाच घामाघूम. मध्येच लाईट गेली नव्हती का? तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर खांबावरचा विजेचा डबा फुटला!"

नेरेइदा उठून उभीच राहिली.

लाईट. हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही?

४

मंगळवारी ती स्वतः काचेमागे उभी होती. युलेइसीचे ओठ हलताना तिला दिसले होते, पण कानांवर हेडफोन चढवलेली मुलं पुटपुटतातच. मग लाईट गेली. मुलांच्या खोलीला इन्व्हर्टर होता, पडदे चालूच राहिले, कासवीण पापण्या मिटत-उघडत राहिली. तरी युलेइसी गोंधळली. तिनं हेडफोनवर टिचक्या मारल्या, इकडेतिकडे पाहिलं. पंखा थांबला म्हणून बावरली असेल, असं तेव्हा नेरेइदाला वाटलं होतं. थोड्या वेळानं 'लाईट आली!' असा सगळ्या गल्लीनं गलका केला आणि पोर पुन्हा पडद्याकडे बघून हसली.

खेळ बंद पडला नव्हता. बोलणारा बंद पडला होता.

"म्हणजे बोलणारा याच गल्लीत होता," विल्मेर उर्दानेता म्हणाला. ला लुपातली यंत्रं तो सांभाळायचा. मराकाइबोचा, भलताच बोलका, केस कायम उभे. "आणि गल्लीत म्हणजे याच घरात, प्रोफे. दुसरीकडे कारेय बेटाचं नावही कुणाला ठाऊक नाही. खेळ अजून बाहेर कुठे आलाय?"

"आवाज कुणाचा होता ते कळेल?"

"नाही. मुलांचं बोलणं साठवायचं नाही, हा तुमचाच नियम. त्यातून यंत्र आवाज बदलतं. मी बोललो तरी म्हातारी कासवीणच बोलल्यासारखी वाटेन. शब्द तेवढे बदलत नाहीत."

"शब्द," नेरेइदा स्वतःशी म्हणाली. मग तिनं त्याला पंखांच्या संत्र्याचं सांगितलं, चित्र मात्र दाखवलं नाही. चिनिता उडत येते, मनातलं ऐकते, वर घेऊन जाते.

विल्मेरनं चटकन छातीवर क्रूस काढला. "संत्रं कसलं, प्रोफे! आमच्या मराकाइबोत चिनिता म्हणजे साक्षात आई. पवित्र कुमारीला आम्ही लाडानं चिनिताच म्हणतो. तिच्या सणाला सगळं गाव रस्त्यावर असतं. मनातलं तिलाच तर सांगतात!"

तो अगदी भोळेपणानं हसत होता. नेरेइदाच्या मनात मात्र पाल चुकचुकली. मनातलं ऐकणारी, वर नेणारी चिनिता या घरात फक्त विल्मेरची होती.

"मंगळवारी तू कुठे होतास?"

हसू थांबलं. "माझ्यावर संशय?"

"सगळ्यांवर आहे. माझ्यावरही धर हवा तर."

"इथेच होतो. या खुर्चीत. मला कोणी पाहिलं नाही, आणि पाहिलं असं मी कोणाकडून वदवूनही घेऊ शकत नाही," तो फणकारला. "लिहा, व्हेनेझुएलाचा माणूस आहे, करून गेला असेल!"

५

संध्याकाळी नेरेइदा समुद्राकाठच्या रस्त्यानं चालत राहिली. बसायला बाक होते, पण बसवेना. माळेचे मणी बोटांतून सरकत होते आणि प्रार्थना अर्ध्यावर तुटत होती.

विल्मेरची यंत्रांची खोली इन्व्हर्टरवर होती. तो बोलत असता तर लाईट गेल्यावरही बोलणं चालूच राहिलं असतं. त्याची चिनिता कितीही जुळत असली तरी खोली जुळत नव्हती. शिवाय ती माउली बोटावर कशाला बसेल? आणि तिच्या अंगावर काळे ठिपके?

इन्व्हर्टर नसलेल्या खोल्या दोन. वरची पाहुण्यांची, जिथे पिचार्दो होते. आणि मागची, ध्वनी तपासायची, जिथे हिमेना ओयार्सुन बसायची.

पिचार्दो इथल्याच मातीतले. त्यांच्या तोंडी चिनिता म्हणजे संत्रं, आणि कितीही गोड बोलणारा माणूस असला तरी संत्रं उडवणार नाही.

उरली हिमेना. नेरेइदाचे पाय थांबले. हिमेना? बोबड्या आणि अडखळणाऱ्या मुलांना बोलतं करण्यात जिचा हात धरणारा सगळ्या शहरात नव्हता ती? खेळातले आवाज मुलांच्या कानांना सोसतील का, हे ती तपासायची. युलेइसीसमोर ती आठवडेच्या आठवडे बसली होती. चित्रं, बाहुल्या, गाणी, सगळं झालं होतं. पोरीनं तोंड उघडलं नव्हतं. हिमेना मूळची दूर दक्षिणेकडची, चिलेची. लग्न होऊन इकडे आली त्याला इतकी वर्षं झाली होती की बाजारात तिच्याइतकी घासाघीस इथल्या बायकांनाही जमत नसे. ती परकी आहे हेच सगळे विसरले होते.

चिलेत चिनिता कशाला म्हणतात, हे नेरेइदाला ठाऊक नव्हतं. कुणाला फोन करून विचारता आलं असतं. पण ज्याचं उत्तर एका माणसाची अब्रू घेणार, तो प्रश्न त्या माणसालाच विचारावा, असं तिला वाटलं. आणि तोही असा, की खोटं बोलायला वाव राहील. वाव असूनही माणूस काय करतो, ते बघायचं.

६

शुक्रवारी सकाळी तिनं तिघांना एकेक करून खेळघरात बोलावलं. टेबलावर मुलांची रंगीत माती होती.

"युलेइसीला चिनिता हवी आहे," तिनं प्रत्येकाला एवढंच सांगितलं. "तिच्यासाठी एक करून द्या."

पिचार्दोंनी घड्याळाकडे बघत केशरी गोळा वळला, हिरवं पान टोचलं. "हे घ्या! सोलून देऊ का?"

विल्मेर अजून फुगलेला होता. तरी त्यानं निळी माती घेतली, झगा केला, वर इवलासा मुकुट बसवला आणि करता करता त्याचा राग कुठल्या कुठे गेला. "नाक नीट झालं नाही," तो ओशाळून म्हणाला. "आईनं माफ करावं."

मग हिमेना आली. बारीक चणीची, करड्या वेणीची. तिनं केशरी माती उचलली, तळव्यावर वळली. छान गोल संत्रं झालं. ती पानासाठी हिरवी माती घ्यायला वळली आणि तिथेच थबकली.

"तिनं मागितली?" तिनं विचारलं. "तोंडानं?"

"आजीच्या कानात."

"चिनिता म्हणाली?"

"चिनिताच म्हणाली."

हिमेनानं हातातलं संत्रं दाबून चपटं करून टाकलं. लाल माती घेतली. पाठीसारखी फुगीर वाटी केली, मधून रेघ ओढली, काळ्या मातीचे कण चिमटीनं वळून एकेक करून त्यावर बसवले. शेवटी दोन मिशा. टेबलावर एक लाल किडा बसला होता, काळ्या ठिपक्यांचा, पंख मिटलेला. इथे त्याला मारिकिता म्हणतात. बागेत पोरं त्याला बोटावर चढवतात.

"आमच्याकडे हिला चिनिता म्हणतात," हिमेना म्हणाली. "बोटावर बसली की मनातलं मागायचं असतं. मला आईनं शिकवलं."

"संत्रं करून सुटली असतीस."

"माहीत होतं." तिचे हात मातीनं लाल झाले होते. "पण पोरीनं हे मागितलं असताना तिला दुसरं काय करून देऊ?"

७

सगळं बाहेर यायला वेळ लागला नाही. पिचार्दोंनीच एक दिवस तिला दाखवलं होतं: बेटावरच्या प्रत्येक पात्राला आतून एक तोंड आहे. माणसानं आपल्या संगणकावर किल्लीचा शब्द घालायचा आणि बोलायचं. 'तुम्ही बोलतं करण्यात वाकबगार, करून तर बघा.' तिनं युलेइसीला नावानं हाक मारली. आणि ज्या पोरीनं तिला कधी एक अक्षर दिलं नव्हतं, ती कासविणीला म्हणाली, 'काय?'

"एवढंच, 'काय?'," हिमेना म्हणाली. "मी खोलीत हुंदके देत होते, प्रोफे. तिला कासविणीचं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर हात धरला."

"आणि गुपित?"

"ती तुम्हाला सांगेल आणि तुम्ही बंद कराल, ही भीती होती. अंगणात तिला एकटीला बोलावलं ते खऱ्या चिनितेसाठी. जास्वंदीवर आहेत. तिला कासविणीकडून माझ्यापर्यंत आणायचं होतं. मुलांशी बोलताना माझ्या तोंडात आईचेच शब्द येतात. मोठ्यांशी बोलताना येत नाहीत. मला कळलंही नाही."

अंगाई माणूस आपल्या आईच्याच बोलीत गातो. नेरेइदानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण लगेच काढूनही घेतला. "हिमेना, एका लहान मुलीला तू हे शिकवलंस की प्रेमानं बोलणारा माणूस 'घरी सांगू नको, एकटी ये' असं म्हणू शकतो. तिला आता फरक कसा कळायचा?"

हिमेना नखांतली लाल माती खरवडत राहिली.

पिचार्दोंना बोलावलं तेव्हा त्यांनी आधी कानावर हात ठेवले, मग हिमेनाकडे पाहिलं आणि मग पुन्हा गोड हसले.

"बरं, आहे तोंड. पण झालं काय वाईट? मुकी पोर बोलली! हे तुम्ही तुमच्या मतात लिहायला हवं, मोठ्या अक्षरांत. पहिले काही दिवस कोणी जिवंत बोललं की मुलांना माया लागते, मुलं टिकतात. पुढे बंद करायचं."

"माया लावून बंद करायचं," नेरेइदा म्हणाली.

"शब्दात पकडू नका, प्रोफे. किल्ली आम्ही निवडक माणसांनाच देतो."

"मलाही सांगितलं नाहीत, ही तुमची निवड. आज त्या तोंडामागे हिमेना होती. उद्या कोण बसेल, ते सांगा."

"चांगलीच माणसं असतील."

"वाईट माणूसही तुमच्याकडे चांगला म्हणूनच येईल, पिचार्दो. आणि आत गेल्यावर तो कासविणीच्याच आवाजात बोलेल."

हसू पहिल्यांदाच गेलं. "विचार करा. 'नाही' लिहिलंत तर तुमच्याच घरातलं हे प्रकरणही उघडं पडेल."

"पडेल. ते मीच लिहिणार आहे."

८

दोन्या फेफा पोरीचा हात घट्ट धरून आल्या. नेरेइदानं त्यांना सगळं सांगितलं. त्या हिमेनाला मारायला धावतील असं वाटलं होतं. पण त्या मटकन बसल्या.

"म्हणजे तो कोणी नराधम नव्हता?"

"नव्हता."

"ही बाई होती? आणि पोर हिच्याशी बोलत होती?" मग त्यांनी नेरेइदाचे दोन्ही हात धरले. "मग राहू द्या ना, प्रोफे. काल मी आरडाओरडा केला ते विसरा. हिलाच बोलू द्या तिथून. किती दिवसांनी घराबाहेर कुणाशी तरी दोन शब्द बोलली. ते बंद केलंत आणि ती पुन्हा मिटली तर? मी काय जन्मभर पुरणार आहे?"

 नेरेइदानं खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पुन्हा त्या पिठाच्या हातांकडे पाहिलं. 'मिटणार नाही' असं सांगणं म्हणजे खोटं बोलणं होतं.

"दोन्या फेफा, मिटेलही. मी खात्री देऊ शकत नाही. पण तिला हे गुपित घरी घेऊन जाऊ देणार नाही. हिमेनानं ते लावलंय, तिनंच ते सोडवायचं. तुमच्यासमोर."

हिमेना युलेइसीपुढे जमिनीवर बसली. तिनं पोरीच्या डोळ्यांवरची नजर हटवली नाही.

"युलेइसी, कासवीण बोलत नाही. मीच बोलत होते. मागच्या खोलीत बसून. मोठ्यांना सांगू नको म्हणाले, ते चुकीचं होतं. असं कोणीही म्हणालं, कितीही लाडानं म्हणालं, तरी आजीला सांगायचं. माझंसुद्धा."

युलेइसी तिच्याकडे बघत राहिली. मग आजीच्या झग्यामागे गेली. दोन्या फेफांनी सवयीनं कान खाली केला.

पोर कानाला लागली नाही.

झग्याच्या मागून तिनं डोकं काढलं. गाल लाल झाले होते. आणि त्या घरात कोणीही कधी न ऐकलेला आवाज आला. बारीक नव्हता, घोगरा होता, आजीच्या आवाजासारखा.

"तू कासव नाहीस."

"नाही," हिमेना म्हणाली.

"तू खोटं बोललीस."

"हो. खोटं बोलले."

"मी तुला आईचं सांगितलं. तू खोटी होतीस!"

"हो, राणी."

"राणी म्हणू नको!" तिनं पाय आपटला. विल्मेर दारात येऊन उभा राहिला होता, तो दचकून मागे सरला. "परत असं बोलायचं नाही! कोणाशीच बोलायचं नाही! कळलं?"

"कळलं."

हिमेनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. नेरेइदा पुढे झाली नाही. काचेमागे उभं राहावं तसे तिचे हात पाठीशी गेले होते.

दोन्या फेफांनी पोरीकडे पाहिलं, मग हिमेनाकडे. 

"बाई गं," त्या शेवटी म्हणाल्या, "एवढ्या मोठ्यानं तर ती माझ्याशीसुद्धा कधी भांडली नाही."